गुडघा बदलल्यानंतरचं दुखणं, गोळ्या आणि व्यायाम : अनुभव आणि सल्ले हवेत

झुळूक

आईच्या उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट झालं, टाके निघाले, जखम छान सुकलीये, एक्स-रे पण व्यवस्थित आहे असं सर्जन म्हणाले. म्हणजे कागदावर सगळं उत्तम. पण घरात रोजचं चित्र वेगळंच आहे म्हणून हा धागा काढतेय.

आई पेनकिलर घ्यायला तयारच नसते. "सवय लागेल, किडनीची वाट लागेल" हे तिचं ठरलेलं. मग दुखणं अंगावर काढते, दुखतंय म्हणून व्यायाम टाळते, व्यायाम टाळला की गुडघा आखडतो आणि दुसऱ्या दिवशी अजून जास्त दुखतं, असं ते चालूच आहे. दिवसा त्यातल्या त्यात बरं असतं, रात्री मात्र ठणका लागतो आणि ती पहाटेपर्यंत कूस बदलत राहते. गुडघ्याखाली उशी घेतल्याशिवाय तिला चैन पडत नाही. फिजिओताई घरी येतात त्या दिवशी ८० अंशांपर्यंत वाकतो पण पूर्ण सरळ होत नाही, थोडासा वाकलेलाच राहतो. पाय अजून गरम लागतो, घोट्यापर्यंत सूज आहे, मांडीच्या आतल्या बाजूला निळंपिवळं झालंय.

हे सगळं या टप्प्यावर नॉर्मल आहे का, गोळ्यांचं नेमकं काय करायचं, आणि किती दुखलं म्हणजे थांबायचं हे कसं ओळखायचं? ज्यांनी स्वतः किंवा घरच्यांचं हे निभावलंय त्यांनी प्लीज लिहा. आईला वाचून दाखवणार आहे.

निवृत्त_वाचक

झुळूकताई, माझे दोन्ही गुडघे बदललेत, आधी डावा आणि नंतर उजवा, आणि आता मी व्यवस्थित चालतोय हे आधी आईंना सांगा. दुसऱ्या आठवड्यापासून साधारण दीड महिन्यापर्यंतचा काळ सगळ्यात कंटाळवाणा असतो. हॉस्पिटलमध्ये सगळे भोवती असतात, इंजेक्शनं चालू असतात, घरी आल्यावर भेटायला येणारे कमी होतात आणि दुखणं मात्र तसंच असतं. त्यातून लोक म्हणतात "ऑपरेशन झालं ना, मग आता काय". खरं काम तर त्यानंतरच चालू होतं.

मांडीचं निळंपिवळं बघून घाबरू नका. ऑपरेशनच्या वेळी रक्त थांबवायला बऱ्याचदा मांडीला घट्ट पट्टा बांधतात, त्याने मांडी गुडघ्यापेक्षा जास्त ठणकते. माझी तर गुडघ्याहून मांडीच दुखायची. ते साकळलेलं रक्त वजनाने खाली उतरतं, पोटरीपर्यंत, कधी घोट्यापर्यंत रंग येतो आणि हळूहळू जातो.

गोळ्यांच्या बाबतीत माझं स्पष्ट मत, घड्याळ बघून घ्यायच्या, दुखायची वाट बघायची नाही. ठणका एकदा चढला की त्याला खाली आणायला जास्त औषध लागतं. मी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी घ्यायचो, त्यामुळे फिजिओ वाकवायला लागला की अंग चोरून घेत नसे, आणि अंग चोरलं नाही की गुडघा जास्त वाकतो. इतकं साधं आहे ते.

हालचाल

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बरीच वर्षं याच पेशंट्समध्ये काम करते. सगळ्यात पहिलं, आज रात्रीपासून ती गुडघ्याखालची उशी काढा. ती घेतली की बरं वाटतं हे अगदी खरंय, कारण अर्धवट वाकलेल्या अवस्थेत सुजलेल्या सांध्याला सगळ्यात जास्त जागा मिळते. पण तासन् तास तसाच ठेवला की मागच्या बाजूचे स्नायू आणि सांध्याची पिशवी त्याच मापात आखडते आणि मग गुडघा सरळ होईनासा होतो. सरळ न होणारा गुडघा हा कमी वाकणाऱ्या गुडघ्यापेक्षा जास्त त्रासदायक आहे हे लोकांना पटत नाही, सगळ्यांचं लक्ष "किती वाकला" यावरच. पाच-दहा अंश सरळ व्हायचे राहिले तर माणूस लंगडत चालतो, मांडीचा स्नायू प्रत्येक पावलाला विनाकारण राबतो, कंबर दुखायला लागते.

त्याऐवजी टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघ्याखाली काहीच नको. टाच उचललेली आणि गुडघा हवेत, वजनानेच तो खाली जाऊ दे. सुरुवातीला पाच मिनिटं सुद्धा जड जातात. चालेल, दिवसातून चार-पाच वेळा करा. मग त्याच अवस्थेत गुडघ्याची मागची बाजू गादीकडे दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. हे करताना आईंच्या मांडीवर, वाटीच्या जरा वर आतल्या बाजूला, तुमची बोटं ठेवा. तिथला स्नायू बोटांखाली घट्ट होतोय आणि वाटी जरा वर सरकतेय असं जाणवलं तर व्यायाम बरोबर होतोय. नुसता पाय दाबला जातोय पण स्नायू मऊच आहे असं असेल तर तो अजून जागा झालेला नाही.

हा स्नायू झोपतो का, तर सांध्यात सूज असली की मेंदू संरक्षण म्हणून त्या स्नायूला पूर्ण ताकदीचा आदेशच देत नाही, कोणीतरी मेन स्विच अर्धा खाली ओढून ठेवल्यासारखं. पहिल्या महिन्यात ऑपरेशनच्या पायातली मांडीची ताकद निम्म्याहूनही कमी होते. म्हणून पेशंट म्हणतात "पाय माझा वाटतच नाही, उचलायला सांगितला तर उचलत नाही". इच्छाशक्ती कमी पडतेय असं अजिबात नाही. सूज कमी करणं हाच त्यावर अर्धा उपाय आहे.

वाकवण्याचं म्हणाल तर सपाट जागी चालायला ६०-६५ अंश पुरतात, जिना चढायला ८५-९० च्या आसपास, खुर्चीतून हात न टेकता उठायला ९५ ते १०५. तुमच्या ८० वरून घाबरायचं कारण नाही पण रोज थोडं पुढे सरकायला हवं. खुर्चीत बसून टाच जमिनीवरून मागे सरकवत न्यायची, जिथे ताण येतो तिथे थांबायचं, श्वास सोडायचा, परत अर्धा इंच. दिवसातून एकदा तासभर करण्यापेक्षा दहा-दहा मिनिटं पाच-सहा वेळा केलेलं चांगलं.

कणखर

मी जरा वेगळं सांगतो. वडिलांचं झालं तेव्हा आम्ही लाड केले नाहीत. रोज दोघांनी धरून गुडघा वाकवायचा, ते ओरडायचे पण आम्ही थांबलो नाही. दातओठ खाऊन केलं तरच होतं, नाहीतर गुडघा कायमचा जाम. आईंना फार जपू नका.

हालचाल

@कणखर, वडिलांचा गुडघा छान झाला असेल तर आनंदच आहे, पण हा सल्ला इथे राहू देणं मला बरोबर वाटत नाही. सुजलेल्या सांध्यावर दुसऱ्याने जोर लावून वाकवलं की पेशंट घाबरून मांडी आवळतो, म्हणजे आपण आणि त्याचा स्नायू यांचीच ओढाताण. वर आत परत सूज येते, दुसऱ्या दिवशी कालच्यापेक्षा कमी वाकतो. घरच्यांनी तर जोर लावूच नये. हाडं ठिसूळ असतील तर इजा होऊ शकते आणि जखम नवी असेल तर ती उघडू शकते.

झुळूक, "किती दुखलं की थांबायचं" याचं उत्तर असं. शून्य ते दहा या मापात व्यायाम करताना चार-पाच पर्यंत दुखलं तर चालवून घ्यायचं. ओढल्यासारखं, ताणल्यासारखं दुखणं अपेक्षित आहे. सुरी खुपसल्यासारखी कळ आली तर लगेच थांबायचं. व्यायाम झाल्यावर तास-दोन तासांत दुखणं मूळ पातळीवर आलं पाहिजे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या सकाळपेक्षा जास्त सुजलेला, जास्त ताठ असेल तर काल जास्त झालं, आज कमी करायचं, बंद नाही करायचं. टेपने वाटीच्या मध्यावर घेर मोजून वहीत लिहा. अंदाजाने "सूज वाढलीये वाटतं" म्हणण्यापेक्षा ते बरं, आणि कमी होताना दिसली की पेशंटला हुरूप येतो.

सुप्त

मी भूलतज्ज्ञ आहे, ऑपरेशननंतरच्या वेदनाशमनाचंच काम जास्त असतं, म्हणून गोळ्यांबद्दल सविस्तर लिहितो. आईंचे डोस मी इथून ठरवू शकत नाही, तो तुमच्या डॉक्टरांचा अधिकार, पण तत्त्व समजलं की त्यांना काय विचारायचं ते कळेल.

बऱ्याच जणांचा पहिला अनुभव असा असतो की ऑपरेशनच्या दिवशी काहीच दुखत नाही, चालतातही, आणि दुसऱ्या दिवशी अचानक कोसळल्यासारखं होतं. काही बिघडलेलं नसतं. मांडीतल्या नसेभोवती दिलेला ब्लॉक (नस बधीर करणारं इंजेक्शन) आणि सांध्यात सोडलेलं औषध यांचा असर साधारण १२ ते २४ तासांत उतरतो. हे आधी सांगितलेलं असलं की पेशंट घाबरत नाही, आणि ते सांगायला हवंच.

पुढे घरी गेल्यावर एकाच जोरदार गोळीवर भिस्त ठेवत नाहीत, वेगवेगळ्या वाटेने काम करणारी औषधं थोडी थोडी देतात. पाया म्हणजे पॅरासिटामॉल, नियमित वेळेला. लोकांना ती तापाची साधी गोळी वाटते, पण ठरल्या वेळी घेतली तर बाकीच्या औषधांची गरज कमी करते. निरोगी प्रौढ माणसासाठी दिवसाची वरची मर्यादा ४ ग्रॅम, वजन कमी असेल, वय जास्त असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहून कमी. इथे एक धोका असतो. ट्रॅमाडॉल या जोरदार पेनकिलरच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं, सर्दीच्या गोळ्यांतही असतं. पाकिटावरचं घटकांचं नाव वाचून सगळ्याची बेरीज करा.

दुसरा गट सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचा, डायक्लोफिनॅक, सेलेकॉक्सिब, एटोरिकॉक्सिब वगैरे. आईंची किडनीची भीती या गटाबद्दल अगदीच चुकीची नाही. किडनीचा विकार, अल्सर, हृदयविकार, अंगावर पाणी धरणं असं काही असेल तर या टाळतात किंवा फार मोजून देतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पोटातून रक्तस्रावाचा धोका वाढतो. पण किडनी चांगली आहे, डॉक्टरांनी तपासून ठरावीक काळासाठी दिल्यात, तर तेवढ्या काळासाठी घाबरून बंद करण्यात काही फायदा नाही. "पेनकिलर" या एका नावाखाली सगळ्या गोळ्या येतात त्यामुळे पॅरासिटामॉललासुद्धा लोक किडनीचं पाप लावतात.

तिसरा गट ट्रॅमाडॉल, टॅपेन्टाडॉल वगैरे. सवय लागण्याची भीती असते ती याच गटाची. काही दिवस ते दोन-चार आठवडे, दुखण्यासाठी, कमी करत करत घेतल्या तर बहुतेकांना अडचण येत नाही. पूर्वी व्यसनाचा इतिहास असेल किंवा ऑपरेशनच्या आधीपासूनच महिनोन् महिने या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. यांनी मळमळतं, चक्कर येते आणि बद्धकोष्ठता हमखास होते, म्हणून पोट साफ होण्याचं औषध त्याच दिवसापासून चालू करतात. पोट फुगलेलं असलं की माणूस जेवत नाही, व्यायामही करत नाही. डिप्रेशनची काही औषधं चालू असताना ट्रॅमाडॉल धोकादायक ठरू शकतं, तेव्हा चालू औषधांची पूर्ण यादी डॉक्टरांना दाखवा. प्रीगॅबालिन (नसेच्या दुखण्याचं औषध) दिलं असेल तर वयस्कर माणसांना झापड येते, रात्री बाथरूमला जाताना तोल जातो, तेव्हा सोबत कोणीतरी असू द्या.

कमी करताना क्रम उलटा. आधी ट्रॅमाडॉलसारख्या जोरदार गोळ्या, मग सुजेच्या, शेवटी पॅरासिटामॉल. आणि दिवसभरातल्या डोसपैकी व्यायामाच्या आधीचा आणि रात्रीचा डोस सगळ्यात शेवटी सोडायचा. आईंना असं सांगून बघा, गोळी दुखणं विसरून पडून राहण्यासाठी नाही, उठून व्यायाम करता यावा म्हणून आहे, आणि व्यायाम नीट झाला तरच ती लवकर बंद होणार आहे.

झुळूक

सुप्त, हालचाल, किती मनापासून लिहिलंत! आईला सगळं वाचून दाखवलं. पॅरासिटामॉल वेगळी आणि किडनीवाली वेगळी हे कळल्यावर तिचा चेहराच बदलला, सर्जनना फोन करून विचारलं, त्यांनी वेळा ठरवून दिल्या. उशी काढलीये, टाचेखाली टॉवेल ठेवला तर पहिल्या रात्री फारच कुरकुर झाली. रात्रीचं अजून जमत नाहीये. आणि जखमेच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधीर आहे, चालताना कट कट आवाज येतो, याने ती घाबरते.

रातराणी

झुळूक, माझा गुडघा झाला तेव्हा मला दुखण्याहून झोपेने जास्त छळलं. दिवसा उभं राहून, पाय खाली सोडून बसून पायात सूज येते ती रात्रीपर्यंत साचते, वर रात्री लक्ष दुसरीकडे नसतं, त्यामुळे सगळं दुखणं एकदम अंगावर येतं. मला ज्याचा उपयोग झाला ते लिहिते. संध्याकाळी जोराचा व्यायाम नको, हलकाच. झोपायच्या आधी पाय छातीपेक्षा वर येईल असा ठेवून बर्फ, पण वर ठेवताना उशा पोटरीपासून टाचेपर्यंत, गुडघा सरळच. बर्फ कपड्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, बधीर भागावर थेट ठेवायचा नाही कारण तिथे भाजल्यासारखं झालं तरी कळत नाही. शेवटची गोळी झोपायच्या वेळेला जुळवून. कुशीवर झोपायचं तर दोन्ही पायांच्या मध्ये जाड उशी. मध्यरात्री जाग आली आणि ठणकत असेल तर तळमळत पडू नये, वॉकर घेऊन खोलीत दोन फेऱ्या, पावलं वरखाली, परत बर्फ, मग झोप. दुपारी मात्र फार झोपू देऊ नका.

झोप पूर्ववत व्हायला दोन-तीन महिने लागू शकतात. मला कोणी हे आधी सांगितलं नव्हतं म्हणून मी सारखी विचार करायचे की माझंच काहीतरी बिघडलंय. त्या दिवसांत उगाचच रडू यायचं. आईंना तसं होत असेल तर "एवढं काय त्यात" असं कोणी म्हणू नका.

हालचाल

बधीरपणा नॉर्मल आहे. चीर घेताना कातडीची एक बारीक नस बहुतेक वेळा कापली जाते, ती वाटीच्या बाहेरच्या बाजूला संवेदना देते. महिन्यांनी तो भाग लहान होतो, थोडा कायम राहू शकतो, चालण्यावर त्याचा काही परिणाम नाही. आवाज धातू आणि प्लॅस्टिक एकमेकांना लागल्याचा, दुखत नसेल तर सोडून द्या, मांडी मजबूत झाली की बराच कमी होतो. गरमपणा सहा महिने, कधी वर्षभरसुद्धा, संध्याकाळी जास्त. जखम पूर्ण भरली, खपली गेली की सर्जनना विचारून जखमेच्या रेषेवर बोटांनी हलका मसाज आणि वाटी डावी-उजवी, वर-खाली हलक्या हाताने सरकवणं चालू करा, वाटी मोकळी झाली की वाकणं सोपं होतं.

पाऊलवाट

इथे खुब्याचं रिप्लेसमेंट झालेलेही वाचत असतील म्हणून लिहितो, गुडघ्याचे व्यायाम जसेच्या तसे उचलू नका. माझं मागच्या बाजूने ऑपरेशन झालं होतं, त्यात सुरुवातीचे दीड ते तीन महिने तीन गोष्टींची बंदी होती, खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आतल्या बाजूला वळवायचं नाही. म्हणजे बुटक्या खुर्चीत बसणं बंद, वाकून चप्पल घालणं बंद, कमोडवर उंच सीट, झोपताना पायांमध्ये उशी. पुढून ऑपरेशन झालेल्यांची बंधनं वेगळी असतात, त्यांना पाय मागे नेऊन बाहेर वळवायची मनाई असते. काही सर्जन हल्ली फार बंधनं घालतही नाहीत. तेव्हा तुमचं कुठल्या बाजूने झालंय आणि तुम्हाला काय सांगितलंय तेच पाळा.

दुखणं गुडघ्यापेक्षा पुष्कळ कमी असतं. मला फक्त पाय लांब झाल्यासारखं वाटायचं. बऱ्याचदा ते खरं लांब नसून वर्षानुवर्षं तिरकं चालून आखडलेल्या स्नायूंमुळे भासतं, दोन-तीन महिन्यांत जातं. बुटात घाईघाईने उंची घालू नका.

तिसरी_पायरी

आमच्या काकांना भाड्याने ते पाय आपोआप वाकवणारं मशीन घ्यायला सांगितलंय, घ्यावं का?

हालचाल

सीपीएम मशीन. पूर्वी सर्रास देत. अभ्यासांमध्ये वाकण्यात किंवा दुखण्यात जाणवेल इतका फरक आढळला नाही, कारण पाय मशीन हलवतं, स्नायू काहीच करत नाही. सर्जननी काही खास कारणाने सांगितलं असेल तर विचारा, नाहीतर ते पैसे चांगल्या फिजिओच्या जास्त भेटींवर घाला.

जिन्याचं पण सांगून ठेवते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, आणि काठी कायम ऑपरेशनच्या पायाच्या विरुद्ध हातात. बरेच लोक ती दुखऱ्या बाजूला धरतात, मग सगळा भार त्याच बाजूला झुकतो. हात सरळ खाली सोडला की मनगटाच्या घडीपाशी काठीची मूठ आली पाहिजे. वॉकर सोडायची घाई करू नका, लंगडत काठीने चालण्यापेक्षा नीट पावलं टाकत वॉकरने चाललेलं बरं, कारण लंगडण्याची सवय नंतर मोडायला फार वेळ जातो.

सावली

मला एक वेगळी बाजू मांडायचीये. माझ्या ऑपरेशनला वर्ष होऊन गेलं तरी दुखत होतं. सगळे व्यायाम केले, गोळ्या घेतल्या, गुडघा छान वाकत होता, एक्स-रे सुंदर, तरी दुखत होतं. एका ठिकाणी मला सरळ सांगितलं की हे मनाचं दुखणं आहे. ते ऐकून घरी आले आणि कोणाशी बोललेच नाही. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी कंबर आणि खुबा तपासला आणि बऱ्याच वेदना कमरेच्या नसेतून येत होत्या असं निघालं.

गुडघा बदललेल्यांपैकी साधारण पाचातला एक जण समाधानी नसतो, वेदना राहतात म्हणून किंवा अपेक्षेइतकी हालचाल येत नाही म्हणून. हे ऑपरेशनच्या आधी स्पष्ट सांगायला हवं, घाबरवायला नाही, पण ज्याचं दुखणं राहतं त्याला आपणच कमी पडलो असं वाटू नये म्हणून. कोणाचं तीन-सहा महिन्यांनंतरही कमी होत नसेल तर जंतुसंसर्ग, सांधा सैल होणं, वाटीचा त्रास, कमरेतून किंवा खुब्यातून येणारं दुखणं, नसेचं जळजळणारं दुखणं, हे एकेक तपासायला सांगा. नसेच्या दुखण्याची औषधं वेगळी असतात, साध्या पेनकिलरने ते जात नाही.

सुप्त

सावली, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं झालं. वेदना मोजायचं मशीन नाही, पेशंट सांगतो तेवढीच असते, तिला खोटं ठरवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

याच ओघात धोक्याच्या खुणा लिहितो, झुळूक, हे वाचून लक्षात ठेवाच. पोटरी एकाएकी जास्त सुजली, दाबल्यावर दुखते, ताणल्यासारखी घट्ट झाली तर त्याच दिवशी दाखवायचं, शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. अचानक धाप लागली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं तर वाट न बघता थेट इमर्जन्सी. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं ठरवून दिलेल्या मुदतीच्या आधी, बरं वाटतंय म्हणून, बंद करायची नाहीत. पावलं वरखाली करण्याचा व्यायाम जागं असताना दर तासाला गुठळी होऊ नये याच्यासाठीच सांगतात.

जखमेतून पाणी किंवा पू येणं, लाली पसरत जाणं, थंडी वाजून ताप, किंवा कमी होत आलेलं दुखणं परत वाढणं, हे संसर्गाचं असू शकतं. तेव्हा सर्जनलाच दाखवा आणि त्याआधी स्वतःहून किंवा दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून अँटिबायोटिक चालू करू नका. सांध्यातलं पाणी काढून तपासायच्या आधी ते पोटात गेलं तर जंतू सापडणं अवघड होतं आणि नेमका इलाज लांबतो. डायबिटीस असेल तर साखर आटोक्यात ठेवणं हा जखमेच्या इलाजाचाच भाग समजा.

कणखर

हालचालताई, तुमचं वाचलं, आणि सूज वाढून उलट कमी वाकतो हा मुद्दा पटला. एक विचारतो, एवढं करूनही वाकलाच नाही तर मग काय?

हालचाल

दीड-दोन महिने नीट व्यायाम करून ९० च्या खालीच अडकला असेल तर सर्जन भूल देऊन गुडघा वाकवून देतात, आतले चिकटलेले पापुद्रे त्यात सुटतात. ते साधारण पहिल्या तीन महिन्यांत केलं तर जास्त उपयोग होतो, म्हणून "बघू अजून थोडे दिवस" करत सहा महिने घालवायचे नाहीत. त्या दिवसापासून व्यायाम मात्र परत जोमाने लागतो, नाहीतर मिळालेलं परत जातं.

झुळूक

अपडेट द्यायला आले. आईचा गुडघा आता १०० च्या पुढे वाकतोय आणि टाच टेकवून झोपली की मागची बाजू गादीला लागते, मी हात घालून बघते, बोटं सरकत नाहीत! घेराची वही तीच लिहिते, मी विसरले तर मला आठवण करते. ट्रॅमाडॉल बंद झालं, सुजेची गोळी बंद झाली, पॅरासिटामॉल व्यायामाच्या आधी आणि रात्री. झोप अजून तुटक आहे पण रातराणींचं मध्यरात्रीच्या फेऱ्यांचं तंत्र तिला फार आवडलंय. घरात काठी घेऊन चालते, विरुद्ध हातात.

आता तिचा दुसराही गुडघा झिजलाय आणि या उत्साहात ती म्हणतेय लगेच तोही करून टाकू. किती थांबावं?

निवृत्त_वाचक

वा, आईंना माझा नमस्कार सांगा. बहुतेक सर्जन कमीत कमी तीन महिने थांबायला सांगतात, मी त्याहून जास्त थांबलो. दुसऱ्या ऑपरेशननंतर आताचा हाच पाय सगळा भार घेणार आहे, त्यामुळे या पायावर एकट्याने उभं राहता येतं का, हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का हे आधी बघा.

हालचाल

काकांशी सहमत. आणि थांबण्याच्या काळात ज्या पायाचं व्हायचंय त्याच्या मांडीचे व्यायाम आत्ताच चालू करा, ऑपरेशनच्या आधी स्नायू जितका भरलेला तितका नंतर लवकर जागा होतो. गाडी चालवायचं विचाराल तर उजवा पाय असल्यामुळे साधारण सहा आठवडे तरी नको, जोराने ब्रेक दाबायला जमलं पाहिजे आणि झापड आणणाऱ्या गोळ्या पूर्ण बंद झालेल्या हव्यात, त्या तर झाल्याच आहेत. रक्त तपासणी, साखर, हिमोग्लोबिन आणि दातांचं काही काम राहिलं असेल तर तेही दुसऱ्या ऑपरेशनच्या आधीच उरकून घ्या.